कधी येतेस?

४ फेब्रुवारी, मंगळवार. धायरी

उद्या निघते. एकटी, गाडी घेऊन. मुख्याध्यापिकेची खुर्ची शुक्रवारी सोडली. निवृत्तीला वेळ होता, पण कंटाळले. निरोप समारंभात टाळ्या जरा जास्तच वाजल्या!

आता श्रीनिवासनं घर सांभाळून दाखवावं. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं, इथपासून तयारी आहे नवऱ्याची. सासूबाई म्हणाल्या, "जा की. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

परत कधी येणार ते मुद्दाम सांगितलेलं नाही. विचारतील. विचारायलाच हवं!

५ फेब्रुवारी. सातारा

खंबाटकीच्या घाटात मोठ्यानं गायले. भसाडं. कोणी "हळू" म्हणालं नाही — मजा आली!

घरी फोन केला. श्रीनिवास म्हणतो, "इकडची काळजी करू नकोस." मी करतच नव्हते. आता करते आहे.

७ फेब्रुवारी. कोल्हापूर

लेकीचा फोन. संस्कृतीला म्हणे माझा अभिमान वाटतो. "आई, यू आर सो ब्रेव्ह! अजिबात घाई करू नकोस हं. बाबा एकदम चिल आहेत. आजोबा गाणी लावतात, आजी तर चक्क जोक्स मारते!"

चक्क! माझ्यासमोर ही बाई घसा खाकरतानाही दाराकडे बघते.

मी घरात चढ्या आवाजात बोलते, मान्य. पण घंटा न वाजवता शाळा भरते का?

९ फेब्रुवारी. आंबोली

अजून कोणीही विचारलेलं नाही.

१० फेब्रुवारी. वेंगुर्ला

समुद्र बघून मन शांत होतं म्हणतात. झालं नाही. नुसतं पाणी.

जिच्याकडे उतरले आहे ती बाई घावणे वाढताना म्हणाली, "एकट्याच? घराकडे वाट बघीत असतले मा?"

"हो," म्हणाले. नुसतं "हो." आणि ताट अर्धवट सोडून उठले.

उद्या परत फिरते. मध्ये कोल्हापूरला मुक्काम. कळवणार नाही. घराची काय दैना झाली आहे ते बघू तरी! झालेली असू दे, देवा.

१२ फेब्रुवारी. धायरी

दार श्रीनिवासनं उघडलं. "अरे! आलीस? कळवायचं ना, जेवायचे थांबलो असतो."

ओटा लखलखीत. पिठलं त्यानं केलेलं. खोट काढायला म्हणून चाखलं, मीठही बरोबर निघालं. पंख्याखालच्या माझ्या खुर्चीत सासूबाई. उठू लागल्या. "बसा हो," म्हटलं, रीत म्हणून. तर बसल्या!

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माझ्यावाचून यांचं अडायला हवं होतं. थोडं तरी. तेवढ्यासाठीच गेले होते मी, समुद्र कोणाला बघायचा होता?

१३ फेब्रुवारी

सकाळी पायात चप्पल घातली, तेवढ्यात सासूबाई आतून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. विसरभोळ्या नाहीत त्या, डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. घरी आलेल्या सवाष्णीला निघताना लावतात तसं मला हळदकुंकू लावलं. हसून म्हणाल्या, "येत जा हं अधूनमधून."

मी कोथिंबीर आणायला निघाले होते.