उलटा लिलाव

मृत्युपत्र. मुक्काम खडकी, पुणे.

मी, रामदास श्रावण खोब्रागडे, वय वर्षे एकसष्ट, धंदा कारखानदारी, राहणार खडकी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके मात्र शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आमच्या घरात दबाव टाकण्याचे काम आजवर मीच केले. २००२ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. वकील पद्मजाताई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात." मी म्हणालो, फी पूर्ण देतो आहे, तेव्हा लिहूही पूर्ण द्या.

कलम १. माझी पत्नी सुंदराबाई २००१ साली वारली. मुलगा प्रज्ञेश हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. धाकटी मुलगी निकिता एका कंपनीच्या खरेदी खात्यात नोकरी करते. तिच्यासारखीने नोकरी करायला नको होती, आणि ती का करते हे कलम ५ मध्ये आहे. याखेरीज मला वारस नाही.

कलम २. खडकीचे राहते घर प्रज्ञेशला द्यावे. तो लहानपणापासून माझ्याशी कशातच बरोबरी करायला आला नाही. मी त्याला चारचौघांत मऊ म्हणत असे. आज तो दर रविवारी येतो, पोटभर जेवतो, क्रिकेट बघतो आणि हसत घरी जातो. बँकेतली शिल्लक आणि विम्याचे जे काही येईल ते दोघांना सारखे. सुंदराबाईचे दागिने निकिताला.

कलम ३. भोसरीचा कारखाना शेड, लेथ, कॉम्प्युटरवर चालणारी दोन्ही सीएनसी मशीन आणि नावासकट एकट्या निकिताला द्यावा. प्रज्ञेशला हे सांगितले आहे. तो म्हणाला, "बाबा, तिचाच आहे तो. तुम्हीच बसून आहात त्यात."

हा कारखाना कसा उभा राहिला ते लिहिणे भाग आहे. मी भंडाऱ्याहून आयटीआय करून आलो आणि इथल्या दारूगोळा कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागलो. क्वार्टर, पेन्शन, वेळेवर भोंगा. आमच्या समाजात सरकारी नोकरी मिळालेल्या माणसाने ती सोडणे म्हणजे डोके फिरल्याचे लक्षण. १९८६ साली मी ती सोडली आणि एक जुना लेथ घेतला. सुंदराबाई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी डबा हातात देऊन एवढेच म्हणाली, "आता पडू नका म्हंजे झालं."

कलम ४. श्री. बापूराव तावरे, कारखानदार, भोसरी. यांनी १९९१ साली चहाच्या टपरीवर सहा माणसांदेखत मला सांगितले, "खोब्रागडे, तुमच्या लोकांनी नोकरी करावी. धंदा रक्तात असावा लागतो." मी चहा पूर्ण प्यालो. त्याच वर्षी सरकारने बाजार उघडला, पुढे परदेशी कंपन्या आल्या, आणि एका केसाइतका फरक असला तरी माल परत पाठवू लागल्या. बापूराव त्या साहेबांना शिव्या देत बसले. मी रात्रशाळेत मोजमापाचा कोर्स केला, इंग्रजी पत्रे लिहायला शिकलो, आणि पाच वर्षांत त्यांची तीन गिऱ्हाईके माझ्याकडे आली. मग एकदा ते माझ्याकडे काम मागायला आले. मी त्यांना बाहेरच्या लाकडी खुर्चीवर पाऊण तास बसवून ठेवले. आत मी काहीही करत नव्हतो. ती खुर्ची बापूरावांना द्यावी. त्यांनी नाकारली तर त्यांच्या गेटपाशी ठेवून यावे.

त्या एका वाक्यावर मी अठरा वर्षे चाललो. समाजमंदिरात तरुणांपुढे 'जिद्द आणि स्पर्धा' या विषयावर बारा वर्षे भाषणे दिली. समोर कोण आहे ते बघू नका, आपण कुठे पोचायचे ते बघा, असे सांगायचो आणि टाळ्या पडायच्या. त्या भाषणांची वही फाडून टाकावी. माझ्या शोकसभेत त्यातले एक अक्षरही कोणी वाचू नये. बुद्धवंदना घ्यावी आणि लोकांना घरी जाऊ द्यावे. १९९८ चा 'उत्कृष्ट पुरवठादार' हा पितळी चषक भंगारात वजनावर घालावा. पितळ चांगले आहे.

कलम ५. निकिता आठवीत होती तेव्हापासून दर रविवारी कारखान्यात यायची. दोन लेथवर आम्ही दोघे एकच जॉब, म्हणजे एकाच मापाचा तुकडा, करायचो आणि शंभू, म्हणजे माझा फोरमन, दोन्ही मोजायचा. ती हरली की मी तिला समजूत म्हणून काही बोलत नसे. मुद्दाम तर कधीच हरलो नाही. सुंदराबाई म्हणायची, "अहो, पोरीले हरनं बी शिकवा ना कधी." मी म्हणायचो, ते जग शिकवेल. एका रविवारी निकिताचा जॉब माझ्यापेक्षा सरस निघाला. मी शंभूला तीनदा मोजायला लावले, मग मोजायचे गेजच खराब आहे म्हणालो. गेज चांगले होते, हे शंभूला, मला आणि तिलाही माहीत होते.

कोटेशन द्यायलाही मीच शिकवले. आधी बोलायचे नाही. दुसरा बोलून दमला की शेवटच्या घटकेला बोलायचे. रुपया-आठ आण्यांत भाव तोडायचा नाही, तेरा-तेरा पैशांनी तोडायचा, म्हणजे समोरच्याला वाटते की आपला हिशोब पक्का आहे. इंजिनीअर होऊन ती माझ्याकडेच आली. दोन वर्षांनी तिने विचारले, "बाबा, केबिनमध्ये मी कधी बसायचं?" मी म्हणालो, "मला हरवशील तेव्हा." ती निघून गेली आणि मांजरीला उसाच्या फडाशेजारी एक शेड भाड्याने घेऊन तिने स्वतःचे काम सुरू केले. कर्ज काढून नवे मशीन बसवले. चार माणसे ठेवली. मी लोकांना अभिमानाने सांगायचो, पण शेड बघायला एकदाच गेलो.

तिचे सगळे काम एका दुचाकी कंपनीच्या पितळी बुशवर, म्हणजे आसावर बसणाऱ्या छोट्या नळकांड्यावर, चालायचे. २००४ साली त्या कंपनीने भाव ठरवायला कॉम्प्युटरवरचा उलटा लिलाव आणला. पाच पुरवठादार आपापल्या जागी बसून भाव कमी कमी करत जायचे. कोणाला कोणाचे नाव दिसायचे नाही. फक्त सगळ्यांत कमी भाव आणि घड्याळ दिसायचे. शेवटच्या दोन मिनिटांत कोणी भाव टाकला की वेळ आणखी दोन मिनिटे वाढायची. मलाही बोलावणे आले. हे बुश निकिता करते हे मला माहीत होते. सगळे काम तिला थोडेच मिळणार आहे, असे मी मनाला सांगितले आणि बसलो.

तासाभरात तिघे गळाले. उरलो मी आणि आणखी एक. तो दुसरा घड्याळात दहा सेकंद उरेपर्यंत थांबायचा आणि बरोबर तेरा पैसे उतरायचा. तिसऱ्या वेळेला मला कळले की ही निकिता आहे.

यानंतर मी एकोणीस वेळा भाव खाली आणला. चुकून किंवा भरात आणला असे कोणी समजू नये. समोर ती आहे हे कळल्यावर मला जास्त जोर आला होता. भाव पितळेच्या किमतीखाली गेला. माझ्या गाठीला इतर कामे होती म्हणून मला ते सोसणार होते. तिला सोसणार नाही हेही मला ठाऊक होते. ती लिलावातून उठली आणि मी जिंकलो.

त्या संध्याकाळी ती या घरी आली. चप्पलसुद्धा न काढता दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, बुश गेलं. कोणीतरी वेडा बसला होता समोर, पितळेच्याही खाली गेला. कोण असेल?" मी म्हणालो, "असेल कोणी बाहेरगावचा. पण तू उठलीस कशाला? मी असतो तर उठलो नसतो." ती म्हणाली, "हो, चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी, निकिताला कळू नये म्हणून, मी शंभूला ते बुश कागदोपत्री वेगळ्या नावाने लिहायला लावले. सात महिन्यांत मी ते काम सोडून दिले, कारण ते कोणालाच परवडणारे नव्हते. तोवर निकिताचे मशीन बँकेने नेले होते. पाच वर्षे झाली, ती स्वतःला कच्ची समजते. कोणी धंद्याचे नाव काढले की म्हणते, "माझ्यात ते नाही, मी उठते." ते तिच्यात होते. ती योग्य भावाला उठली होती. धंदा कळणारा माणूस तिथेच उठतो. न उठणारा मूर्ख मी होतो. माझ्या पोरीला मी हरवले ते पैशाच्या पाठबळावर, आणि वर तिलाच दोष दिला. मला याची लाज वाटते. कारखाना तिला देतो आहे तो भरपाई म्हणून नाही, याची भरपाई होत नाही. तो तिला चालवता येतो म्हणून देतो आहे. तिने घेतला नाही तर कोणी आग्रह करू नये.

हे मी तिला तोंडाने सांगितलेले नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती अर्धी रजा टाकून मला डायलिसिसला नेते, चार तास शेजारी बसते, आणि सांगितले तर ती येणार नाही अशी मला भीती वाटते. म्हणून माझ्या पश्चात वाचावे.

कलम ६. शंभू तुकाराम काळोखे यास या मृत्युपत्राने काही दिलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असे पद्मजाताई म्हणतात. माझा मायक्रोमीटर मी गेल्या महिन्यातच त्याच्या हातात दिला आहे. अंमलबजावणी पद्मजाताईंनी करावी.

सहीपूर्वीची पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. शेजारी श्री. रतन साळवे यांनी पेन हातात घेतले. शंभूने घेतले नाही. तो म्हणाला, "सायेब, सही करतो, पन ही मेल्यावर सांगायची गोष्ट न्हाय. पोरगी आत बसली हाय. मी पाच वर्सं तिच्या तोंडाकडं बघितलेलं न्हाय." मी म्हणालो, मग दुसरा साक्षीदार बघतो. पद्मजाताईंनी माझ्याकडे पाहिले आणि पेनाला टोपण लावले. म्हणून निकिताला बाहेर बोलावले आणि कलम ५ मीच वाचले.

तिने उभ्यानेच ऐकले. मग विचारले, "त्या दिवशी मी गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

मी म्हणालो, जेवलो आणि झोपलो.

"झोप लागली?"

इथे खोटे लिहून चालणार नाही. मी म्हणालो, लागली. पुष्कळ दिवसांनी इतकी गाढ लागली होती.

तिने मान हलवली. पर्स घेतली, शंभूला म्हणाली, "काका, सही करा." मला म्हणाली, "मंगळवारी प्रज्ञेश येईल." आणि गेली.

मृत्युपत्रात बदल नाही. सर्व कलमे कायम.

ठिकाण: खडकी, पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २००९

लिहून ठेवणार: रामदास श्रावण खोब्रागडे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. रतन वाल्मीक साळवे, खडकी (सही)
२. शंभू तुकाराम काळोखे, भोसरी (सही)