बैल जलालचे, भाषण माहं

मारेगाव,
१० सप्टेंबर २०२५

दोस्त जलाल यास घनश्यामचा सलाम व रामराम, दोन्ही. इकडे आम्ही सर्वजण खुशाल आहोत. तिकडे ढाणकीस तू व मेव्हण्यांच्या घरची सर्व मंडळी सुखरूप असाल अशी आशा करतो.

बस, एवढं सातवीच्या पुस्तकातलं होतं. पुढचं आपल्या बोलीत लिहितो, नाहीतर तू म्हणशीन घन्यानं कोणाकडून तरी अर्ज लिहून आणला.

पत्र पाहून तुले नवल वाटलं असन. खिशात फोन असताना हा बेटा पत्र कायले लिहून राह्यला? अरे, फोन लावलता दोनदा. दोन्ही वेळा तू "बोल घन्या" म्हणला, आन मी पाण्यापावसाचं बोलून ठेवून दिला. मेव्हण्याच्या दारं-खिडक्याचं काम कुठवर आलं, तेही विचारलं नाही.

इकडं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सोयाबीन पिवळी पडून राह्यली. मायचे गुडघे दुखतात, पण तिचं तोंड ठणठणीत हाय. ईद-ए-मिलादच्या दिवशी हजराभाभीनं खीर पाठवली. दरवर्षी मी तुह्या घरी येऊन खातो, बसून, दोन वाट्या. यंदा गेलो नाही. डोकं दुखते म्हणून निरोप धाडला. डोकं दुखत नव्हतं.

तान्हा पोळा यंदा चांगला झाला हे तुले मालूमच हाय. पोट्ट्यायनं दोऱ्या बांधून आपले लाकडी बैल ओढत नेले, चौकात रांग लागली, एकाही बैलाचं चाक निघालं नाही. तू दुसऱ्याच दिवशी ढाणकीले गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी मले इथल्या एका कॉलेजात भाषणाले बोलावलं होतं. तुले सांगतलं नव्हतं. बारीक गोष्ट होती म्हणून सांगतली नाही.

रजत म्हणून एक नवीन मास्तर आले हायत तिथं. कार्यक्रमाचं नाव, "यशोगाथा आपल्या मातीतली". बॅनरवर माहा फोटो, हातात आपला मोठा तांबडा बैल, खाली लिहेल, "हस्तकला उद्योजक". खोटं कायले सांगू, बॅनर पाहून छाती फुगली. घरून निघताना इस्त्रीचा शर्ट घातला. माय म्हणली, "लगन हाय काय रे कोणाचं?"

मी ठरवून गेलतो, "आम्ही दोघं" असं सुरू करायचं. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, तिथून. पण रजत सरानं ओळख करून देतानाच म्हणलं, "स्वतःच्या हातानं सागवानात जीव ओतणारे घनश्यामभाऊ." तिथंच हात वर करून म्हणायचं होतं, "सर, चुकलं. हात जलालचे हायत, मी विकतो." सात-आठ शब्द, दादा. पण टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजत असताना माणसाले "चुकलं" म्हणता येत नाही, हे मले त्या दिवशी कळलं.

मंग "आम्ही"चं "मी" झालं.

वेळ कमी होता म्हणून तुहं नाव राहून गेलं, असं मी या कागदावर आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. वेळ कमी नव्हता. पंचवीस मिनिटं बोललो. त्यात धंद्याचे पाच मंत्र सांगतले, आन पाचही तुहे. लाकडात गाठ आली तर जोर करू नये, गाठ काय म्हणते ते आधी ऐकावं. ओलं लाकूड आन तापलेला माणूस, दोघायले थोडे दिवस सावलीत ठेवावं. जी खालची बाजू दिसत नाही तिथंही रंधा मारावा. तू हे चहा पिता-पिता बोलतो, भुसा झटकत, आन लगेच विसरतो. मी ते "माझा अनुभव असा आहे" म्हणून सांगतलं. पोरी वहीत लिहून घेत होत्या.

आता जे लिहितो ते वाचून हे पत्र फेकून देऊ नको. पुरं वाच.

तुह्या बोटाची गोष्ट मी सांगतली.

चार वर्षांआधीची. पोळा तोंडावर आलता, पटाशी सटकली, डाव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून गेलं. मीच तुले गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी तू पट्टी बांधून कामाले बसला, भाभी पॉलिशपेपर मारू लागली, आन लेकरायचे बैल वेळेवर गेले. ती गोष्ट मी माही म्हणून सांगतली. "पोळा चार दिवसांवर होता, मी रडलो नाही," असं म्हणलं. माह्या हातावर विळ्याचा वण हाय ना, कडबा कापतानाचा? तो वर करून दाखवला. सगळी बोटं जागेवर हायत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मी मूठ अर्धी मिटून धरली होती. इतकी अक्कल मले तिथं उभ्या-उभ्या सुचली. मागच्या बाकावरची एक पोरगी डोळे पुसत होती. रजत सर म्हणले, "हा हात नाही, ही प्रेरणा आहे."

लाज वाटते रे जलाल.

मंग प्रश्नोत्तरं झाली. तिसऱ्या ओळीतून एक पोरगी उभी राह्यली. निळी ओढणी. तुही लेक, आपली गझाला.

ती त्या कॉलेजात हाय हे मले मालूम होतं. तिच्या ॲडमिशनच्या रांगेत मीच उभा होतो. पण स्टेजवरून समोरचे सगळे चेहरे सारखेच दिसतात, आन मी तरी कोणाचा चेहरा पाहून राह्यलो होतो?

तिनं शांतपणे विचारलं, "सर, बैलाचे डोळे सगळ्यात शेवटी का करतात?"

सर. एकोणीस वर्षांत त्या पोरीनं मले चाचाशिवाय हाक मारली नव्हती.

खरं उत्तर तिलेही मालूम, मलेही. मी सांगाले पाहिजे होतं की बैल घडवणारा जलाल मिस्त्री डोळे करत नाही. त्याच्या अब्बानं सांगतलं होतं, जिवाले डोळे देणं अल्लाचं काम, आपण तिथं हात थांबवावा. म्हणून बैल त्याच्या दुकानातून तसेच निघतात, टोपल्यात, कपडा झाकून. आमच्या घरी येतात. माही माय तानाबाई पोळ्याच्या आधी आंघोळ करून ओट्यावर बसते आन एकेकाले डोळे रंगवते. तेवीस वर्षं असंच चालू हाय. एकाचा धरम त्यात मोडला नाही, दुसऱ्याचा बाटला नाही. याच्यापेक्षा मोठी यशोगाथा त्या बॅनरवाल्यायले कुठं भेटली असती?

मी काय म्हणलो, सांगू? म्हणलो, "कारण ध्येय माणसाला सगळ्यात शेवटी दिसतं." अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या! असा मूर्खपणा, आन त्याले टाळ्या! रजत सरानं ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

गझाला "थँक यू सर" म्हणली आन खाली बसली. टाळ्यात तिचेही हात हालले. पोरगी मास्तरसमोर बसली होती, न वाजवून जाईन कुठं.

त्या भाषणाचा व्हिडिओ निघाला. तुहा फोन बटणाचा, म्हणून तुह्यापर्यंत आला नाही, पण इकडं गावभर फिरला. मायनं शेजारच्या दिपालीच्या मोबाईलवर पाह्यला. पुरा पाह्यला. मंग मले म्हणली, "घन्या, तुले खुंटी ठोकता येत नाही भिंतीत. आयत्या बिळावर नागोबा झाला तू. आन माह्या डोळ्याचंही नाव घेतलं नाही मेल्या." तेव्हापासून ताट वाढते, पण माह्याशी बोलत नाही.

गावातही कोणी तोंडावर बोललं नाही. पानठेल्यावर एकानं फक्त इचारलं, "काय भाऊ, बोट कसं हाय?" सगळे हासले. मीही हासलो. काय करता?

दोन दिवसांनी गझाला माह्या घरापुढून चालली होती. मी थांबवलं. म्हणलं, "बाई, अब्बाले सांगतलं काय?" ती म्हणली, "नाही. सांगून काय करू? ते तिकडं एकटे हायत. जेवण जाणार नाही त्यांना." चाचाही म्हणली नाही, सरही म्हणली नाही. रोज संध्याकाळी तुले फोन करते ना ती? रोज ते गिळून तुह्याशी हासून बोलते. पाप माहं, आन ओझं त्या पोरीच्या डोक्यावर. म्हणून हे पत्र. तिनं काही लपवलं म्हणून तिले रागावू नको. ती तुले जपून राह्यली.

आता शेवटचं राह्यलं. तेच सगळ्यात जड हाय, म्हणून तीन पानं इकडं-तिकडं फिरलो.

तू विचारशीन, काहून केलं? टाळ्याची हाव, हे खरं हाय, पण अर्धं. त्या दिवसाच्या आधीपासूनच मी तुहं नाव गिळत आलो. मागच्या वर्षी नागपूरहून मोठी ऑर्डर आली ना, तुले म्हणलो होतो तो माणूस लय भला हाय? त्यानं फोनवर विचारलं होतं, "पूजेचे बैल आहेत, कारागीर कोण आहे?" त्याच्या आवाजात काय होतं ते मले समजलं. कदाचित काही नव्हतंही. मी म्हणलो, "आपल्याच घरचे." नाव नाही सांगतलं. त्यानं पुढं विचारलंही नाही. डब्यावर चिकटवायची चिठ्ठी मी छापली, तिच्यावर माहंच नाव टाकलं. तुले म्हणलो, "छापखान्यावाल्यानं जागा कमी ठेवली." तू म्हणला, "जाऊ दे ना, नावानं काय बैल पळते काय?"

तू ते हासून म्हणला. मले त्या दिवशी झोंबायला पाहिजे होतं. नाही झोंबलं. बरं वाटलं.

मारेगावाले सगळं मालूम हाय, जलाल. हनुमानाच्या देवळातला पुजारीही नातवाचा बैल तुह्याच दुकानात येऊन ठरवतो, तुह्याशी भाव करून. गावाले कधी फरक पडला नाही. फरक मले पडला. मी, तुह्या घरची खीर खाणारा, बाहेरच्या माणसापुढं तुहं नाव घ्यायले भ्यालो. भीती म्हणा, धंदा म्हणा, काहीही म्हणा, तोंड माहंच बंद होतं. स्टेजवर मी फक्त सराव केलेली गोष्ट केली.

काल कॉलेजात गेलतो. रजत सरायले सगळं सांगतलं. ते बिचारे पांढरे पडले. म्हणले, "व्हिडिओ काढून टाकतो, विषय संपवू." मी म्हणलं, नाही, त्याच हॉलात, त्याच पोरायपुढं मले दहा मिनिटं द्या. पुढच्या मंगळवारी देतो म्हणले. नागपूरवाल्यालेही फोन केला. बैल जलाल मिस्त्री करतो म्हणून सांगतलं. तो "बघू" म्हणला. त्याचं काय व्हायचं ते होवो.

पण मंगळवारी तुहं नाव घ्यायचं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. एकदा तुले न विचारता तुहं बोट, तुहे बोल, तुही मेहनत, सगळं उचललं. आता माफी मागाले म्हणून तुहं नाव पुन्हा न विचारता उचललं तर तीही चोरीच. लोक मंग तुह्याकडं बोट दाखवतीन, "हाच तो, ज्याची गोष्ट चोरली." तुले ते आवडन की नाही मले मालूम नाही. तुले गर्दीत उभं राहाले आवडत नाही, एवढं मालूम हाय. तू "हो" म्हणशीन तर नावानिशी सांगतो, मायच्या नावासकट. "नको" म्हणशीन तर इतकंच सांगतो की मी खोटं बोललो, पटाशी माह्या हातात कधी नव्हती, आन खाली उतरतो. निरोप गझालाजवळ देऊ नको. तिले यातून सोड. मले फोन कर. शिव्या दिल्या तरी चालन, पूर्ण ऐकून घेईन.

पुढच्या पोळ्याले बैल करशीन की नाही, तेही तूच ठरव. मी विचारणार नाही. तो हक्क मी त्या हॉलात घालवून आलो.

माय म्हणते, जलालले आशीर्वाद लिही. माह्याशी नाही बोलली, भिंतीकडं पाहून बोलली. तिचे आशीर्वाद पोचव म्हणून लिहितो. माहा नमस्कार घ्यायचा की नाही ते तुह्यावर.

बैल न घडवणारा, फक्त विकणारा,
घनश्याम