ओतिलियाबाईंच्या ‘ना’विषयी

बारिचारा, नाताळापूर्वीचा आठवडा

तीर्थस्वरूप एर्मेलिंदाताईंना धाकट्या चुलतभावाचा, एवारिस्तोचा, सविनय नमस्कार. गुडघे कसे आहेत? (वैद्याने मनाई करूनही आपण जिने चढता, हे कानी आले आहे.)

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक : नोव्हेनाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या नऊ दिवसांच्या, प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात मुलांसाठी नाताळचा एक अद्भुतपट दाखवण्यात आला. दोन : त्यावर चार शब्द बोलण्याची विनंती पाद्रीबाबांनी मला केली. तीन : शेजारच्या ओतिलियाबाईंशी माझी ‘बोलावे, पण उत्तर देऊ नये’ या आपल्या नाताळी खेळाची पैज लागलेली होती. विचारल्यावर जो उत्तर देईल तो हरला, आणि जिंकणारा मागेल तो आगिनाल्दो, म्हणजे नाताळची भेट, त्याने द्यायची. चार : मी हरलो, असे सारे गाव म्हणते. पाच : मी तसे म्हणत नाही.

आता चित्रपट. उत्तर ध्रुवावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा शेकडो बुटक्यांकडून खेळणी करवून घेतो. त्याला कोणी निवडून दिले, हे कोणीही विचारत नाही. एक बुटकी मुलगी काम बंद पाडते (येथे माझ्या आशा पल्लवित झाल्या), पण मागण्या मांडण्याऐवजी ती गाणे म्हणते आणि म्हातारा विरघळतो! कामाचे तास तेवढेच राहतात. शिवाय जगातल्या प्रत्येक मुलावर वर्षभर पाळत. (आपला बाळ येशू भेटी आणतो, तो कारखान्यावाचून आणि कोणाची चौकशी न करता.) हे सारे मी यथासांग मांडत होतो. मुले गरमागरम तळलेल्या बुन्युएलोंचा फडशा पाडत होती. पाद्रीबाबा डोळे मिटून ऐकत होते, निदान डोळे तरी मिटलेले होते. तोच पहिल्या रांगेतून ओतिलियाबाईंचा मधाळ आवाज आला : “म्हणजे डॉक्टर, तो म्हातारा भांडवलदारच की हो, ना?”

ताई, चुकीच्या संज्ञेपुढे कोणता सुशिक्षित मनुष्य गप्प बसेल?

“मुळीच नाही, बाई! भांडवलदार निदान मजुरी तरी देतो. हा सरंजामदार आहे!”

“आगिनाल्दो! माझा आगिनाल्दो!” बाई चक्क बाकावर चढल्या. “लागला गं बाई मासा गळाला!” पाद्रीबाबा दचकून जागे झाले आणि टाळ्या वाजवू लागले.

माझे म्हणणे एवढेच, की वाक्याअखेरचा ‘ना’ हा प्रश्न नव्हे. ते संमतीची अपेक्षा करणारे विधान होय. विधानाची दुरुस्ती म्हणजे उत्तर नव्हे. यावर बाई म्हणाल्या, “व्याकरण घरी खुंटीला टांगा, डॉक्टर. माझा आगिनाल्दो एवढाच : शनिवारी हाच सिनेमा परत बघायचा, माझ्या शेजारी बसून, आणि एक अक्षर बोलायचं नाही. रडू आलं तर खुशाल रडा, रुमाल मी आणीन.”

आमच्या गल्लीत आपला शब्द प्रमाण. आपण द्याल तो निवाडा उभयतांना मान्य आहे.

आपला,
एवारिस्तो

ता. क. : बुटकीच्या गाण्याच्या वेळी माझे डोळे कोणाला पाणावलेले दिसले असतील, तर तो तळणीचा धूर होता. तळण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चालले होते, असे ओतिलियाबाई कळवतील. तिकडे दुर्लक्ष करावे.

पुन्हा ता. क. : माझा युक्तिवाद सर्वस्वी निर्दोष आहे. तथापि निवाडा माझ्याविरुद्ध द्यावा. कारणमीमांसा नको. फोनवरही सांगू नये. मी आपण होऊन हार मान्य केली, यावर बाई विश्वास ठेवणार नाहीत. शनिवारच्या आत उत्तर लेखी हवे, सहीनिशी.