पाणी आधीच उडालं होतं

मंगळवार, १९ मे. मुलुंड.

मानसीने, माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने, आज दुपारी स्फटिकांचं वजन करून दाखवलं. दिव्याखाली ठेवायच्या आधीच ते कमी भरलं. म्हणजे जस्ताच्या संयुगातलं पाणी एसीच्या कोरड्या खोलीतच उडालं, रेणू जवळ सरकले, आणि मग कुठे प्रकाशाने ते जोडले गेले. ओले स्फटिक दिवसभर दिव्याखाली ठेवले तरी तसेच राहतात. तिच्या प्रबंधात मात्र लिहिलंय, या जोडणीशी पाण्याचा काही संबंध नाही. ते वाक्य माझं.

"मॅडम, शुक्रवारी सबमिशन. वाट लागली ना?"

"राहू दे गं. परीक्षक कुठे वजन करायला येणारेत?"

हे मी बोलले? मी? मला तेव्हा वाईटही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाहीये. सगळं बधिर. पण वजन कमी भरलंय, आणि ते दोघींनी पाहिलंय.

आत्ताच तिला फोन केला. म्हटलं, ते वाक्य काढ, ओल्या स्फटिकांचे प्रयोग पुन्हा करू, मुदत मी मागून घेते.

ती म्हणाली, "आणि माझी जूनपासूनची नोकरी, मॅडम? डिग्रीशिवाय घेतील?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.