लिंबाचं वजन आणि बुटक्या ट्रॅक्टरची बॅटरी

मु. काटेवाडी

तीर्थस्वरूप धोंडाक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि दाजींच्या गुडघ्यांची चौकशी करतो. म्हैस व्यायली का? डाळिंबाला कळी चांगली आहे ना? इकडं मी, तुझी भावजय वृषाली आणि तुझी भाची सोनल खुशाल आहोत. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायची पाळी आली. तुझा नातू वाचून दाखवेलच. (मोहित, लेका, कंसातलं मनातल्या मनात वाच. आजीला ऐकवू नकोस.)

आपल्या लॉनवर आजवर गावोगावच्या पोरींची लग्नं लागली, पण या रविवारी घरची पोर, आपली सोनल, पाटावर बसणार, आणि गवत पार नडगीला लागलेलं. कापायला तो बुटका ट्रॅक्टर आहे, पुण्याच्या एका सोसायटीकडून जुना आणलेला. तुला आठवत असेल, दसऱ्याला आपण त्याची पूजा केली आणि रस्त्यापलीकडच्या लॉनचा मालक रतनशेठ फाटकात उभा राहून बघत होता. "लई टक लावून बघतंय मेलं," म्हणत तू बॉनेटखाली हात घालून लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधलास. (कुठं बांधलास ते कुणी वाकून पाहिलं नाही, पुढची लिंबंही आम्ही हातानं चाचपून तुझ्याच दोऱ्याला बांधत गेलो. सगळी गोम तिथंच आहे.) दर शनिवारी लिंबू बदलायचं, असं वृषालीला बजावून तू कळसला गेलीस.

त्यानंतर गाडीची बॅटरी उतरायला लागली. किल्ली फिरवली की नुसती टक् टक्. जीपवरून वायरी लावून चालू करावी, तर अर्धं लॉन कापून होईपर्यंत बरी, आणि बंद केली की परत मेलेली. नवी बॅटरी आणली, तीही आठवडाभरात आडवी झाली. आता नव्या बॅटरीचा काय दोष, तेव्हा दोष रतनशेठच्या नजरेचा हे घरात एकमतानं ठरलं. मग एका लिंबाची दोन झाली, दोनाची तीन. बॅटरी जितकी खाली जाई तितकी लिंबं वर चढत. माझा उत्साह असा दांडगा की मी कागदी लिंबू काढून चांगलं गरगरीत ईडलिंबू टांगलं. रतनशेठशी तर बोलणंच टाकलं, वाटेत भेटला की मी उसाकडं बघत जायचो. (उसात बघण्यासारखं काही नव्हतं.)

शेवटी सोनलनं वीज मोजायचा मीटर हातात घेतला. नवरीनं लग्न तोंडावर आल्यावर ग्रीसमध्ये हात घालू नयेत म्हणून वृषाली ओरडत होती, पण पोरगी तुझ्यावर गेली आहे, ऐकते थोडीच. म्हणाली, "बाबा, इंजिन चालू असलं की बॅटरीचा आकडा चौदा व्होल्टच्या आसपास चढला पाहिजे. आपला जागचा हलत न्हाय. म्हंजे बॅटरी चांगली हाय, तिला कोण जेवायलाच घालत न्हाय." फ्यूज पाहिला, शाबूत. अर्थिंगची वायर गंजली होती, ती पॉलिश पेपरनं घासली, तरी आकडा ढिम्म. मग इंजिनातून निघून, बॅटरी चार्ज करणाऱ्या रेग्युलेटरच्या डबीत जाणाऱ्या दोन वायरींचा माग काढत ती खाली वाकली आणि हसत हसत गवतातच बसली. अक्का, आपली सगळी लिंबं त्याच वायरींना लटकत होती. वजनानं वायरींची पिन डबीतून निम्मी बाहेर आलेली, आणि लिंबाच्या रसानं गंजून हिरवीगार झालेली. पिन घासून घट्ट बसवली, आकडा सरसर चौदावर गेला, आणि मला आनंदानं रडूच आलं.

त्याच आनंदाच्या भरात मी तुला फोन लावला आणि "अक्का, चोर सापडला, तुझं लिंबू!" असं बोलून बसलो. त्यावर तू म्हणालीस, "माझं लिंबू वंगाळ व्हय रं? मग त्या मिशनीलाच बसव पोरीला हळद लावाया!" आणि फोन आपटलास. माझं चुकलं. ईडलिंबू तर माझंच होतं, तुझं बिचारं कागदी होतं. रतनशेठलाही परवा पेढे घेऊन भेटलो. तो टक लावून का बघत होता ते कळलं, त्याला तसलीच गाडी घ्यायची आहे. बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
गोकुळ

ता. क. मोहित, आता इथून आणखी मोठ्यानं वाच. अक्का, सोनलचं नाव बारशाला तू ठेवलंस. आत्याच्या हातची हळद लागल्याशिवाय पाटावर बसणार नाही, असं ती म्हणते आणि मीटर बाजूला ठेवून गुपचूप रडते. शुक्रवारी जीप घेऊन येतो. तयार राहा.

ता. क. २. सगळं लॉन कापून झालं आहे, फक्त बोहल्यापुढचा चौकोन तसाच ठेवलाय. तू येऊन लिंबू बांधल्याशिवाय मी तिथं गाडी घालणार नाही. लिंबासाठी सीटमागचा दांडा सोनलनं पुसून ठेवलाय, तिथं एकही वायर नाही. लवकर ये, गवत वाढतंय.