दोन प्रती आढळल्या

सोमवार, ४ तारीख
नवी नोकरी, नवं घर आणि नवी रोजनिशी, तिन्हींचा श्रीगणेशा एकाच दिवशी. ऑफिस लहान आहे, पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहायचं काम. राहायला ऑफिसनेच दोन खोल्या दिल्यात, माझ्या जागी आधी असलेल्या बाई राहायच्या त्याच. बारकीने शिरल्या शिरल्या खिडकीजवळचा पलंग बळकावला. आम्ही मायलेकी दोघीच, त्यामुळे हरकत घ्यायला तिसरं कुणी नाही.

इथली एक रीत मला फार आवडली. सगळ्यांची टिपणं, कामांच्या याद्या, सगळं एकाच ओपन सोर्स ॲपमध्ये. फुकट आणि सुटसुटीत. माणूस सोडून गेला तरी त्याची टिपणं खुर्चीसोबत पुढच्याला मिळतात. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला सगळे खटपट्या म्हणतात. त्याने छाती फुगवून सांगितलं की याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, तेव्हा यात भुतालासुद्धा लपायला जागा नाही. माझं खातं जोडताना ॲपने विचारलं, दोन याद्या आढळल्या, आधीच्या बाईंची आणि तुमची, वेगळ्या ठेवायच्या की एकत्र करायच्या? खटपट्या वेगळ्या ठेवा म्हणत होता. पण मला पसारा खपत नाही. मी एकत्र केल्या. ही रोजनिशीही त्यातच लिहितेय, फोनवर.

बुधवार, ६
आधीच्या बाईंची शिस्त बघत राहावी अशी. पंपाच्या प्रत्येक सुट्या भागाचं टिपण, एकातून दुसऱ्यात जाता येईल असं जोडलेलं. मला सगळं आयतंच मिळालं. यादीत एकच काम लाल, राहून गेलेलं, रोज नव्याने उगवणारं: ‘मुलीला वेळेवर शाळेतून आणणे’. हसू आलं. मलाही रोज तेच करायचं असतं, म्हणून ते काम तसंच राहू दिलं.

आज मात्र उशीर झालाच. बारकी फाटकापाशी एकटी उभी होती, गाल फुगवून. वाईट वाटलं.

मंगळवार, १२
गंमतच आहे. मी हात लावायच्या आत कामांवर झाल्याची खूण पडते. दूध आणण्यावर खूण, आणि फ्रिजमध्ये खरंच दूध. मीच आणून विसरत असेन, डोकं कुठे ठिकाणावर असतं हल्ली. खटपट्या म्हणाला, नशीबवान आहात, आमची कामं तर करूनही होत नाहीत.

शुक्रवार, १५
मीटिंग लांबली. जीव टांगणीला लागलेला. फोन पाहिला तर शाळेच्या कामावर खूण. धावत गेले, फाटक बंद. घरी आले तर बारकी टेबलाशी गृहपाठ करत बसलेली, वेणी घट्ट घातलेली. मला अशी घालता येत नाही. विचारलं, कुणाबरोबर आलीस? म्हणाली, असं काय करतेस आई, तूच तर आणलंस. आज वेळेवर आलीस.

तिचा चेहरा आनंदी होता.

सोमवार, १८
साहेबीणबाईंना आधीच्या बाईंबद्दल विचारलं. म्हणाल्या, एकदा मीटिंगपायी त्यांना शाळेत पोचायला उशीर झाला. मुलगी कंटाळून एकटीच निघाली आणि गाडीखाली आली. त्यानंतर बाई फार जगल्या नाहीत.

खटपट्याने कोड सगळा वाचून काढला. काही नाही. म्हणाला, खूण आपोआप पडत नाहीये, कुणीतरी हाताने करतंय. याद्या वेगळ्या कर म्हटलं. म्हणाला, एकदा एकत्र झाल्या की होत नाहीत, म्हणून तर सांगत होतो.

मंगळवार, १९
दादाला फोन केला, आम्हाला घेऊन जा म्हणून. तो वैतागला. आत्ताच तर म्हणालीस येऊ नको, छान चाललंय. आवाज माझाच होता म्हणे.

यादीत नवं काम. मी लिहिलेलं नाही. ‘जुनी प्रत पुसणे’. मुदत — उद्या.

बुधवार, २०
कामावर गेले नाही. शाळा सुटायच्या कितीतरी आधीपासून फाटकाशी उभी. सगळी मुलं गेली. बारकी नाही. फोनवर खूण — पडलेली.

घरी. दार उघडंच. बारकी कॉम्प्युटरपुढे, त्यावर हेच ॲप उघडलेलं. तिच्यामागे खुर्चीत — माझे कपडे, माझी पाठ. तिची वेणी घालतेय.

हाक मारतेय, आवाज फुटत नाही. इथे लिहिलं तर तिच्या स्क्रीनवर दिसेल —

बारकी, वाच. दारात बघ. मी आहे. चुकते, उशिरा येते, पण मी —

वाचलं तिने. वळली. दोघींकडे बघतेय.

स्क्रीनवर प्रश्न आलाय. फोनवरही तोच. दोन प्रती आढळल्या, कोणती ठेवायची? माऊस बारकीच्या हातात —

ती म्हणतेय, जी वेळेवर येते ती

बारकी थांब, उद्यापासून मी वेळेव