पवळीचा सातबारा

१२ जून
पुण्याहून भाचीचा, मीनलचा फोन. "मावशी, तुझी पवळी लोक मोबाइलवर ऐकतात. हिंदीत, तमिळमध्येसुद्धा. आता कार्टून येतंय. झालीस ना श्रीमंत?"
मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पवळी म्हणजे आईची शेळी. कामरगावला एसटीत चढायची, कारंज्याला उतरायची. अकरा गोष्टी लिहिल्या होत्या तिच्यावर, त्यांचं पुस्तकही निघालं होतं. दिवसभर उगाच हसू येत होतं.

१४ जून
मीनलने लेख पाठवला. लेखक कोट्यधीश कसे होतात. प्रती विकून नव्हे म्हणे. एकच गोष्ट पुस्तकासाठी वेगळी द्यायची, भाषांतरासाठी वेगळी, सिनेमासाठी वेगळी, तीही ठरावीक वर्षांपुरती. मुदत संपली की गोष्ट घरी परत.
ह्यांना वाचून दाखवला. "म्हंजे मक्त्यानं वावर देल्यासारखं. तू काय लिहून देलं होतं?"
आठवेना.

१५ जून
कागद सापडला, लग्नातल्या शालूखाली. 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमचे.' खाली माझी सही. अमरावतीच्या कॉन्व्हेंटात सिस्टरने वर्षभर गिरवून घेतलेली, उजवीकडे झुकलेली, सुंदर.
मग आठवलं. प्रकाशक घरी जेवले होते. पुरणाची पोळी, वाटीभर तूप. नुकत्याच जेवून उठलेल्या पाहुण्यासमोर त्याचा कागद वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल पांघरली, मी सही केली.
ह्यांनी कागद उजेडात धरून वाचला. मग, "लोकं वावर मक्त्यानं देतात, मास्तरीणबाई. तू तं सातबाराच देऊन टाकला."

१९ जून
प्रकाशक आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा बघतो सगळं. फोनवर फार गोड. "काकू, बाबा नेहमी तुमच्या पुरणपोळीचं नाव काढायचे." कार्टूनवर माझं नाव येईल का, विचारलं. "ते कंपनीच्या हातात, काकू." पैशांचं विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर, घरी सगळे बरे ना.

२० जून
नवी वही भरत आली. म्हातारी पवळी, सात गोष्टी. मीनल म्हणते, दुसऱ्या प्रकाशकाला दे. प्रकाशकांच्या मुलाला पुन्हा फोन केला. म्हणाला, पवळी हे पात्रच आमच्याकडे आहे, काकू, दुसरीकडे नाही देता यायचं.
आई ताटातली अर्धी भाकर तिला द्यायची. थंडीत तिच्या अंगावर गोणपाट पांघरायची. आणि आता तिचं नाव लिहायलासुद्धा मी…

२३ जून
नाव बदलून पाहिलं. कपिली केलं. दोन ओळींपुढे जाईना. कपिली एसटीत चढतच नाही.

२७ जून
मुलगा परवा येतोय, नव्या वहीचा कागद घेऊन. मजकूर जुन्या कागदातलाच, म्हणाला. नाही दिली, तर ही वही माझ्यामागे रद्दीतच जायची.
हे म्हणाले, "जेवाले नको घालू त्याले. चहावर भागव."

२९ जून
सकाळीच डाळ शिजायला टाकली. लांबून येणाऱ्याला उपाशी कसं धाडायचं.
आला. बापासारखाच बोलका. तीन पोळ्या जेवला. हात धुऊन आला आणि पिशवीतून कागद काढला, पेनचं टोपणही काढून ठेवलं.
चष्मा आणते म्हणून आत आले आहे. चष्मा नाकावरच आहे. कागदही सोबत आणलाय, या रोजनिशीखाली ठेवलाय. बाहेर हे त्याला म्हणताहेत, "बसा, तिले वाचाले वेळ लागते."